धडा कोण ठरवतो?



या व्याख्यानमालेत गेले चार दिवस प्राध्यापक मंडळी बोलून गेली. आज चालकांनी दहावीला शाळा सोडलेल्या माणसाला उभे केले आहे. त्यांनी हे धाडस का केले ते त्यांना ठाऊक. पण विषय मात्र त्यांनीच दिला आहे, ‘शिक्षण, विद्वत्ता आणि समाज’. एवढा मोठा विषय एका संध्याकाळी उचलण्याची माझी ताकद नाही. म्हणून मी त्यातला एकच प्रश्न घेतो. शिक्षणाच्या घरात कामकऱ्याला घेतले पाहिजे, हे आता सगळेच म्हणतात. त्याविरुद्ध उघड बोलणारा माणूस आज औषधालासुद्धा सापडणार नाही. पण त्याला आत घेतल्यावर काय शिकवायचे, कोणी शिकवायचे, आणि शिकून त्याने जायचे कोठे, हे कोण ठरवतो?

माझे काम यंत्रमाग कामगारांत. इंचाला किती पीक, सूत कोणत्या काउंटचे, कापड किती मीटर निघाले आणि त्यावर मजुरी किती बसते, हा हिशेब मागावरचा माणूस तोंडी करतो. कारकुनाने कागदावर मांडलेला आकडा चुकला असेल, तर पगाराच्या दिवशी उभ्या उभ्या सांगतो. त्याच माणसाला अर्जावर अंगठा उठवावा लागला, की आपण त्याला अडाणी म्हणून मोकळे होतो. त्याला लिहिता येत नाही हे खरेच आहे, आणि ते वाईटच आहे. पण त्याला काहीच येत नाही असे धरून जी शाळा सुरू होते, ती पहिल्याच दिवशी त्याला गमावते. हा अनुभव माझा एकट्याचा नाही. सातासमुद्रापलीकडच्या लोकांनाही तो आला आणि त्यांनी त्यावर झगडे केले. त्यातले दोन-तीन झगडे मी आपल्यापुढे मांडणार आहे.

पहिला झगडा इंग्लंडातल्या ऑक्सफर्डचा. १८९९ साली या विद्यानगरीत दोघा तरुण अमेरिकन माणसांनी मजुरांसाठी एक कॉलेज काढले. त्यांची नावे चार्ल्स बिअर्ड आणि वॉल्टर व्रूमन. कॉलेजला त्यांनी जॉन रस्किन या लेखकाचे नाव दिले. ते विद्यापीठात मोडत नव्हते. नुसते त्याच्या सावलीत उभे होते. खाणीतले, रेल्वेतले, कारखान्यांतले लोक तेथे येऊन राहत, आणि पुष्कळांचा खर्च त्यांच्या संघटना उचलीत. संस्थापकांची कल्पना अशी होती, की येथे शिकलेल्या माणसाने आपली जमात सोडून वर चढू नये. परत जाऊन आपल्या मंडळींनाच वर आणावे. ही कल्पना लक्षात ठेवा. पुढचे सारे भांडण तिच्यावरूनच झाले.

यातला बिअर्ड पुढे अमेरिकेतला नामांकित इतिहासकार झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तो १९१७ पर्यंत शिकवीत होता. म्हणजे १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे शिकत होते, तेव्हा मजुरांचे कॉलेज काढणारा हा माणूस त्याच विद्यापीठात प्राध्यापक होता. यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. वाचताना हे लक्षात आले आणि बरे वाटले, एवढेच.

कॉलेज चालू लागले, आणि आठ-दहा वर्षांत ऑक्सफर्डच्या थोरामोठ्यांचे त्याकडे लक्ष गेले. १९०७ साली विद्यापीठाचे कुलपती झाले लॉर्ड कर्झन. हे नाव ऐकून आपल्यातल्या जाणत्या मंडळींचे कान उभे राहिले असतील. होय, तेच कर्झनसाहेब. १९०४ साली कायदा करून हिंदुस्थानातली विद्यापीठे सरकारच्या मुठीत आवळली आणि १९०५ साली बंगालचे दोन तुकडे केले, ते हेच. मायदेशी परतल्यावर ते मजुरांच्या कॉलेजला भेट द्यायला गेले. विद्यापीठाने मजुरांशी जवळीक करावी, असे वारे त्या वेळी वाहत होते. १९०८ साली त्यावर एक अहवाल निघाला. त्याचा रोख असा होता, की रस्किनच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या पदविकेकडे वळावे आणि विद्यापीठाचे अर्थशास्त्र शिकावे.

वरवर पाहता यात वाईट काय? ऑक्सफर्डचे दार उघडत होते. आपल्याकडे असे काही झाले असते, तर आपण सत्काराचे हार घेऊन धावलो असतो. पण विद्यार्थ्यांत नोआ ॲब्लेट नावाचा वेल्समधला खाणकामगार होता, आणि त्याच्यासारखे आणखी काही होते. ते म्हणू लागले, की तुमचे अर्थशास्त्र आम्हांला असे सांगते, की मजुरी ठरते ती बाजाराच्या नियमाने आणि संपाने काही साधत नाही. ते शिकायला आमच्या संघटनांनी वर्गणी का भरावी? आम्हांला आमच्या खाणीचा इतिहास शिकायचा आहे. १९०८ साली त्यांनी प्लेब्स लीग नावाची संघटना काढली. प्राचीन रोममध्ये सामान्य जनांना जे नाव होते, तेच त्यांनी मानाने मिरवले.

कॉलेजचा प्राचार्य डेनिस हर्ड पूर्वी धर्मोपदेशक होता. तो समाजशास्त्र आणि उत्क्रांतिवाद शिकवी. विद्यार्थी त्याच्यावर लोभ करीत आणि चालक वक्रदृष्टी ठेवीत. मार्च १९०९ मध्ये त्याला काढून टाकले. कारण दिले शिस्तीचे. (कामावरून काढताना शिस्त हे कारण सर्व देशांत आणि सर्व काळांत हाताशी असते, हे मी माझ्या धंद्यातल्या अनुभवावरून सांगू शकतो.) विद्यार्थ्यांनी तासांवर बहिष्कार घातला. मंडळी, जरा विचार करा. तासाला दांडी मारणारे विद्यार्थी आपण पुष्कळ पाहिले आहेत. पण हे लोक बाहेर जाऊन पुन्हा आपापसांत वर्ग भरवू लागले. शिकण्यासाठी संप केलेले असे विद्यार्थी थोडेच.

संप यशस्वी झाला का? हर्डला परत घेतले नाही. पण त्याच वर्षी त्यांनी स्वतःचे सेंट्रल लेबर कॉलेज काढले आणि दोन वर्षांनी ते लंडनला नेले. दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांची संघटना आणि रेल्वे कामगारांची संघटना हे त्याचे दोन खांब. सरकारचा पैसा नाही, विद्यापीठाचा नाही, कोणा शेटजींचा नाही. १९१९ ते १९२१ या काळात तेथे वेल्समधल्या ट्रेडेगार गावचा अन्युरिन बेव्हन शिकायला होता. तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला आणि बोलताना अडखळणारा हा मुलगा. हाच पुढे १९४५ साली ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला, आणि १९४८ साली त्याने सर्वांना मोफत वैद्यकीय सेवा देणारी योजना सुरू केली. ही योजना त्याने कोठून आणली? ट्रेडेगारमध्ये कामगार आपल्या पगारातून वर्गणी देऊन डॉक्टर आणि दवाखाना चालवीत असत. ते त्याने लहानपणापासून पाहिले होते. गावच्या मजुरांनी आपापसांत जमवलेली एक व्यवस्था सबंध देशाने उचलली. विद्वत्ता खालून वर जाते ती अशी.

बेव्हन ज्या वाचनालयात वाढला तेही मजुरांचेच. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत खाणकामगारांनी पगारातल्या पैशातून सभागृहे बांधली आणि प्रत्येकात पुस्तकांची खोली ठेवली. कोळशाने काळे झालेले हात धुऊन माणसे तेथे तत्त्वज्ञान वाचीत, आणि काय विकत घ्यायचे ते त्यांचीच समिती ठरवी. कादंबऱ्या जास्त का अर्थशास्त्र जास्त, यावर या समित्यांत कडाक्याचे वाद झाले असणार. आमच्या संघटनेच्या तीन कपाटांवरून होतात, तर तेथे का होऊ नयेत?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी प्रचारक ठरेन. त्याच सुमारास इंग्लंडात दुसरे लोक दुसऱ्या वाटेने जात होते. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या ॲल्बर्ट मॅन्सब्रिज नावाच्या कारकुनाने १९०३ साली कामगार शिक्षण संस्था काढली. तिचे म्हणणे, की विद्यापीठ टाळू नका. विद्यापीठाला आपल्या गावात ओढून आणा. १९०८ साली आर. एच. टॉनी नावाचा तरुण अध्यापक लाँगटनच्या कुंभारकाम करणाऱ्या कामगारांना आणि रॉचडेलच्या कापडगिरणीच्या गावात शिकवू लागला. वर्ग तीन वर्षांचा. विद्यार्थी तीसच. एक तास व्याख्यान, एक तास चर्चा, आणि पंधरा दिवसांनी एक निबंध लिहून आणायचा. विषय विद्यार्थ्यांनी निवडायचा.

दिवसभर भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने रात्री निबंध लिहायचा, हे ऐकायला सोपे आहे. पण ते लिहीत. आणि चर्चेत टॉनीला अडवीत. १९१२ साली टॉनीने सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या शेतजमिनीच्या प्रश्नावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत विणकर, कुंभार, खाणकामगार आणि यंत्रकामगार यांनी वर्गात आपल्याला कसे धारेवर धरले आणि त्यातून आपण किती शिकलो, याचे ऋण त्याने मानले आहे. प्रस्तावनेत आभार मानायला पुष्कळ लोक असतात: गुरुजन, मित्र, ग्रंथपाल, पत्नी. त्यांत विणकराचे नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचले. खरे सांगतो, आमच्या मागाच्या खड्ड्यातला माणूस कोणी पुस्तकात बसवलेला पाहावा, तसे मला वाटले. लाँगटनचे विद्यार्थी तेवढ्यावर थांबले नाहीत. आसपासच्या खाणगावांत जाऊन तेच वर्ग घेऊ लागले. त्या भागात १९४९ साली कील येथे विद्यापीठीय कॉलेज स्थापन झाले, त्याची मुळे या वर्गांपर्यंत जातात.

या दोन पक्षांत वर्षानुवर्षे भांडण चालले. लेबर कॉलेजवाले म्हणत, तुम्ही मालकांच्या विद्येचे हमाल. टॉनीवाले म्हणत, तुम्ही एकाच पोथीचे पारायण करणारे. मला विचाराल तर माझे मन संपवाल्यांकडे ओढ घेते. ती माझी जातच आहे. पण टॉनीच्या वर्गातला उलटतपासणीचा तास मला अधिक मोलाचा वाटतो. आपल्या संघटनेची पोथी असली तरी ती पोथीच. ज्या वर्गात शिकवणाऱ्याला अडवता येत नाही, तो वर्ग कोणाच्या पैशाने चालतो हा प्रश्न मागाहूनचा. आणि पैशाचे म्हणाल, तर १९२६ च्या सार्वत्रिक संपानंतर संघटनांच्या तिजोऱ्या आटल्या, आणि १९२९ साली लेबर कॉलेज बंद पडले. पुढे खाणी बंद पडत गेल्या तशी वेल्समधली ती वाचनालयेही मोडली, पुस्तके विकली गेली. जी वाचवता आली, त्यांसाठी १९७३ साली स्वान्सी येथे खाणकामगारांचे वेगळे ग्रंथालय उभे राहिले.

आता अमेरिकेकडे वळू. तेथे प्रश्न अधिक रोकडा होता, कारण अक्षर आले नाही तर मतच नाही, असा कायदा होता. दक्षिणेकडच्या राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवायला वाचनाची परीक्षा द्यावी लागे. साउथ कॅरोलायनात राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवायला लावीत. निग्रो लोकांना शाळा नीट द्यायची नाही आणि मग वाचता येत नाही म्हणून मत द्यायचे नाही, असा हा दुहेरी फास. तेथे जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. ईसॉ जेन्किन्स या गृहस्थाची स्वतःची बस होती, आणि तो बेटावरच्या मजुरांना रोज चार्ल्सटन शहरात कामाला नेई. एका प्रवासी बाईने मत देण्याइतके वाचायला शिकव म्हटले. तेव्हापासून तो बसमध्येच घटनेतली कलमे लोकांकडून घोकून घेऊ लागला.

पण बस ती काय आणि तिची शाळा ती किती? त्याने टेनेसी राज्यातल्या हायलँडर नावाच्या शाळेकडे मदत मागितली. ही शाळा १९३२ साली मायल्स हॉर्टन आणि त्याच्या सोबत्यांनी काढली होती. शाळा काढण्याआधी हॉर्टन डेन्मार्कला जाऊन आला होता. तेथे ग्रुंडविग नावाच्या धर्मोपदेशकाच्या विचाराने, १८४४ पासून, शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी परीक्षा नसलेल्या लोकशाळा चालत आल्या आहेत. हायलँडरने आधी कामगार संघटनांचे कार्यकर्ते तयार केले, आणि मग निग्रो हक्कांच्या चळवळीचे. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स त्याच उन्हाळ्यात हायलँडरला जाऊन आल्या होत्या.

जॉन्स आयलंडवर प्रौढ शिक्षणाचे प्रयत्न पूर्वीही झाले होते. ते फसले होते. का फसले, तर चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसांना पोराबाळांच्या बाकांवर बसवून, पोरांसारखे दटावून शिकवीत. म्हणून आता ठरले, की शिक्षक नसलेल्या माणसाने शिकवायचे. बर्निस रॉबिन्सन या बाई केशरचनेचा आणि शिवणाचा धंदा करीत. त्यांची निवड झाली ती त्या मास्तरीण नव्हत्या म्हणूनच. त्यांच्या पाठीशी होत्या सेप्टिमा क्लार्क, अनुभवी शिक्षिका. नागरी हक्कांच्या संघटनेचे सभासदत्व सोडायला तयार नाही म्हणून १९५६ साली त्यांची सरकारी शाळेतली नोकरी गेली होती.

जानेवारी १९५७ मध्ये वर्ग सुरू झाला. पुढे सहकारी किराणा दुकान आणि मागे वर्गाची खोली, म्हणजे गोऱ्या लोकांचे लक्ष जाऊ नये. पहिल्या वर्गात चौदा जण. रॉबिन्सनबाईंनी पहिल्या दिवशी धडा काढला नाही. तुम्हांला काय शिकायचे आहे, असे विचारले. कोणी म्हणाले, सही करायची. कोणी म्हणाले, बायबल वाचायचे. कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कोणाला टपालाने वस्तू मागवायच्या होत्या. तोच अभ्यासक्रम. आणि भिंतीवर बाईंनी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला, की वर्ग संपेपर्यंत हा वाचता आला पाहिजे. मनीऑर्डरपासून मानवी हक्कांपर्यंत, आणि मध्ये बालभारती नाही!

सरकारला हे मानवणारे नव्हते. टेनेसी राज्याने १९६१ साली हायलँडरची सनद रद्द केली. तोवर हे वर्ग दुसऱ्या संस्थेकडे सोपवले होते, आणि ते दक्षिणेतल्या राज्यांत पसरले. १९६५ च्या मतदान हक्काच्या कायद्याने ती वाचनाची परीक्षाच मोडीत निघाली.

हे सारे ऐकून आपल्यातले कोणी म्हणेल, परदेशाचे पुराण पुरे झाले. बरोबर आहे. आणि खरे म्हणजे हे परदेशातून आणण्याची आपल्याला गरज नव्हती. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण करणारे जोतीराव फुले आपल्याच महाराष्ट्रातले. त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, ते शाळा उघडा एवढे म्हणून थांबत नाही. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हा हिशेब त्यांनी मांडला. मग ते शिक्षकाकडे वळतात: तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, लोकांत मिसळणारा असावा, नांगर धरायला किंवा सुताराचे हत्यार उचलायला त्याला लाज वाटू नये. अभ्यासक्रमात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे. ऑक्सफर्डच्या संपाच्या सत्तावीस वर्षे आधी आणि रॉबिन्सनबाईंच्या पंचाहत्तर वर्षे आधी. आम्ही जोतीरावांच्या तसबिरीला हार घालतो. ते निवेदन मात्र वाचत नाही.

त्यांच्यानंतर मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि फिरती वाचनालये चालवली. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढले आणि सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे पोराला दिवसा नोकरी करता यावी. शाळेने कामगाराच्या घड्याळाकडे पाहिले, कामगाराला शाळेच्या घड्याळात कोंबले नाही. मग १९८२ चा संप झाला. अडीच लाख माणूस रस्त्यावर आला, आणि गिरण्यांबरोबर गिरणगावची वाचनालये, भजनी मंडळे, कलापथके विरत गेली. वेल्सच्या खाणकामगारांचा मोठा संप १९८४-८५ चा. दोन्हीकडे नोकऱ्या किती गेल्या ते मोजले गेले. वाचणारी माणसे किती गेली, ते कोणी मोजले नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. आमच्या वस्तीतला हुशार मुलगा शिष्यवृत्ती मिळवतो, इंजिनिअर होतो, पुण्याला जातो. त्याने जाऊ नये असे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्याच्या आईने त्यासाठी कांड्या भरल्या आहेत. रस्किनच्या संस्थापकांचे ते तत्त्व, की शिकून परत आपल्यांत या, हे दुसऱ्याच्या पोराला सांगायला फार सोपे आहे. बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि परतून परळच्या चाळीत राहिले. पण ते सर्वांनी करावे असे म्हणणे म्हणजे गरिबाच्या मुलाकडून त्यागाची वसुली करणे आहे, आणि श्रीमंताच्या मुलाकडून ती कोणी मागत नाही. म्हणून मी गेलेल्याला बोल लावत नाही. मी राहिलेल्यांविषयी बोलतो. एका मुलामागे जे पन्नास मागावर राहतात, त्यांच्या शिकण्याची सोय कोणाच्या वहीत आहे?

आणि आता त्या पन्नासांतले निम्मे बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. ते भोजपुरी बोलतात, त्यांची मुले मराठी शाळेत जातात, आणि बाप मुलाच्या वहीकडे पाहून मान हलवतो. आमच्या संघटनेच्या खोलीत गेल्या दिवाळीपासून शनिवारी रात्री वर्ग भरतो. आम्ही आधी अभ्यासक्रम काढलाच नाही, विचारले. उत्तरे आली ती अशी: मजुरीचा कागद वाचायचा. भविष्यनिर्वाह निधीचे पैसे जमा होतात का ते मोबाइलवर पाहायचे. दोन बिहारी माणसांनी सांगितले, मुलाच्या शाळेतून चिठ्ठी येते ती वाचण्याइतके मराठी हवे. आणि एक मावशी, साठीच्या आहेत, कांडीमशीनवर जन्म गेला, त्या म्हणाल्या, हा माग पहिल्यांदा आपल्या गावात कोणी आणला आणि का आणला, ते मला कोणी सांगेल काय?

या प्रश्नाचे उत्तर मला अर्धेमुर्धे येते. या सभागृहात इतिहासाचे आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक बसले आहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत असेल. वर्ग शनिवारी रात्री साडेआठला, पाळी सुटल्यावर. मानधन नाही, चहा आहे. एक तास आपण सांगायचे आणि एक तास आपल्याला अडवले जाईल, याची तयारी ठेवून यावे. मावशी पुढच्याच सतरंजीवर बसतात.